पहिल्या सीझनचे भाऊसाहेब

पहिल्या बारा भागांपर्यंत मी शहाणा माणूस होतो.

हे मी म्हणत नाही, लोक म्हणत होते. (घरातले नव्हे, खाली कॉमेंट लिहिणारे.) झालं असं की आमच्या मुलीने, केतकीने, नवा फोन आणि तीन पायांचा स्टँड आणला आणि एके दिवशी जाहीर केलं, की आपण घरातल्या घरात एक विनोदी मालिका काढून नेटवर टाकणार आहोत. नाव ‘बी विंग, तिसरा मजला’. आम्ही पनवेलच्या खांदा कॉलनीत बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच राहतो, त्यामुळे नावावर फार डोकं खर्च झालं नसावं. लिहिणार आमची ही, म्हणजे सुनंदा. तिने शाळेत जन्मभर मराठी शिकवलं आणि निबंध तपासताना गिळलेला राग आता तिला संवादांतून बाहेर काढायचा होता. मी तळोज्याच्या एका कंपनीच्या स्टोअर्समधून नुकताच निवृत्त झालो होतो आणि दिवसभर घरात आयता सापडायचो. मुख्य भूमिका मला मिळाली.

भूमिकेचं नाव भाऊसाहेब. खांद्यावर शाल, पाठ ताठ, बोलणं मोजकं. घरात कोणी रडत-भांडत आलं की भाऊसाहेब चार सेकंद गप्प बसायचे (केतकी फोनमागून बोटांनी मोजायची), मग म्हणायचे, “आधी पाणी प्या.” समोरचा पाणी प्यायचा. मग भाऊसाहेब असं एकच वाक्य बोलायचे की भांडण जागच्या जागी मिटायचं. सातव्या भागात तर त्यांनी बाजारातून मासा पारखून आणला आणि बोलता बोलता सफाईने कापला. (हात सुनंदाचे होते. बांगड्या काढून माझं घड्याळ घातलं होतं.) खाली लोक लिहायचे, ‘असे वडील प्रत्येक घरात हवेत.’ मी ते सुनंदाला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती म्हणायची, “वाक्यं माझी आहेत.”

तेराव्या भागात घात झाला. भाऊसाहेबांनी मुलीला चार शब्द सुनावून ताठ मानेने बेडरूममध्ये जायचं, एवढंच होतं. मी सुनावलं, मान ताठ केली, बेडरूमशेजारचं भिंतीतलं कपाट उघडलं आणि आत गेलो. वरच्या फळीवरच्या चटया, दोन उशा आणि जुना टेबलफॅन माझ्यामागोमाग आले. मी म्हटलं, परत घेऊ. केतकी हसत हसत जमिनीवर बसली होती. तिने तो भाग तसाच टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पहिली कॉमेंट होती, ‘भाऊसाहेबांना अजून पाडा.’

आणि मग त्यांनी पाडलं. माझं म्हणणं, सगळ्याच विनोदी मालिकांत हे होतं. पहिल्या भागातली शेजारीण नुसती चौकस असते, पन्नासाव्या भागापर्यंत तिचा कान दाराला कायमचा चिकटलेला असतो. सुरुवातीला जो माणूस जरासा विसराळू असतो, तो पुढे स्वतःच्या बायकोचं नाव विचारतो. लोक एका गोष्टीला हसले की लिहिणारे तीच गोष्ट दुप्पट करतात, मग चौपट करतात, आणि शेवटी त्या माणसात तेवढी एकच गोष्ट शिल्लक राहते. दुसऱ्या सीझनमध्ये भाऊसाहेब कपाळावरचा चष्मा घरभर शोधू लागले. तिसऱ्या सीझनमध्ये त्यांना बरणीचं झाकण उघडेना, पालीची भीती वाटू लागली, कर्नाळ्याच्या सहलीत माकडाने टोपी पळवली तेव्हा ते माकडाला ‘अहो’ म्हणाले. सव्विसाव्या भागात तर ते स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीत अडकले आणि अख्खा भाग वाळत घातलेल्या कपड्यांशी बोलत राहिले.

मी तक्रार केली नाही असं नाही.

“पात्र वाढतं हो,” सुनंदा म्हणाली.

“वाढतं? दोन वर्षांपूर्वी लोकांची भांडणं सोडवणारा माणूस होता तो. आज त्याला स्वतःच्या चपलांतला डावा-उजवा कळत नाही.”

“लोकांना आवडतंय.”

“खालच्या भाजीवाल्या बाई मला सांगतात, ‘भाऊसाहेब, चष्मा कपाळावर आहे.’”

“मग? होता ना?”

होता, पण प्रश्न तो नव्हता.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण केतकीने लग्न ठरवलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, रुपेश, उरणच्या बाजूच्या गावचा. त्यांची पूर्वी मिठागरं होती, आता घरचे डंपर आहेत. मुलगा शांत, कामाचा, मला पहिल्या भेटीतच आवडला. त्याचे आईवडील येऊन केतकीला पसंतही करून गेले. अडलं होतं ते आजींवर. त्या घरात आजींनी हो म्हटल्याशिवाय डंपरचा टायरही बदलत नाहीत.

आणि आजींनी आमची मालिका पाहिली होती. रुपेशने मोठ्या हुशारीने पहिले बाराच भाग पेनड्राइव्हवर भरून त्यांच्या टीव्हीला लावून दिले होते. (पुढचे का नाहीत, हे त्याने मला तोंडावर सांगितलं नाही. चांगल्या घरचा मुलगा आहे.) आजींनी ते बारा भाग तीनदा पाहिले आणि निरोप पाठवला, “त्या भाऊसाहेबाला भेटल्याबिगर मी काय बोलनार नाय.”

“बाबा,” केतकी म्हणाली, “त्यांना ते भाऊसाहेब भेटले पाहिजेत. पहिल्या सीझनचे.”

“म्हणजे मी.”

तिने आणि सुनंदाने एकमेकींकडे पाहिलं.

“बाबा, एक दिवस फक्त. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय का?” (फोन, स्टँड, दोन लाइट आणि बेडरूमची भिंत निळी रंगवून. पण ती वेळ नव्हती.) तिचा आवाज कापत होता. ही मुलगी लहानपणी डॉक्टरकडे सुई घेताना रडली नव्हती. आपल्या पोरीचं लग्न आपल्या पाठीच्या ताठपणावर अवलंबून आहे हे कळल्यावर पाठ अजिबात ताठ राहत नाही.

रविवारी सकाळी अकराला ते येणार होते. शनिवारी सकाळी नाश्ता झाल्यावर मी पहिले बारा भाग ओळीने पाहिले. खोटं कशाला बोलू, मला त्या माणसाचा हेवा वाटला. तो कसा बसतो, कसा पाहतो, किती कमी बोलतो! मी आरशासमोर उभा राहून चार सेकंद गप्प राहण्याचा सराव केला. दुसऱ्या सेकंदाला माझ्या तोंडून “बरं का” निघायचं. सुनंदाने शेवटी मला तीनच नियम घालून दिले. कशाला हात लावायचा नाही. कुठलंही दार उघडायचं नाही. आणि काही सुचलं नाही तर पाणी प्या म्हणायचं.

रविवारी अकराला पाच कमी असताना बेल वाजली. रुपेश, त्याचे जनार्दनकाका, आणि आजी. आजी ठेंगण्या, काटक, काष्टा घट्ट खोचलेला, आणि नजर अशी की मी न विचारताच शाल सरळ केली. जनार्दनकाका आत येताच माझ्याकडे बघून हसायला लागले. ते का हसताहेत ते मला लगेच कळलं. काकांकडे स्वतःचा फोन होता. काकांनी सगळे सीझन पाहिले होते.

“भाऊसाहेब,” आजींना आतून पाणी यायच्या आत ते माझ्या कानाशी कुजबुजले, “त्या माकडाचा करून दाखवा ना.”

रुपेशने त्यांना दंडाला धरून कोचाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं.

मी बसलो. पाठ ताठ. सुनंदाने पोहे आणले. आजींनी पोह्यांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “भाऊसाहेब, आमच्याकं दोन सुना. येकीला गॅस मोठा लागतंय, दुसरीला बारीक. रोज कटकट. काय करावा?”

केतकीचा हात नकळत वर गेला आणि बोटं मोजू लागली. एक. दोन. (बरं का, मी मनातल्या मनात म्हटलं.) तीन. चार.

“आधी पाणी प्या,” मी म्हणालो.

आजी पाणी प्यायल्या.

“भांडण गॅसचं नसतं,” मी म्हणालो. “भांडण आधी कोणी विचारायचं याचं असतं.”

हे कुठल्याच भागात नव्हतं, आपोआप आलं. सुनंदाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती लग्नानंतर पहिल्या वर्षी पाहायची. आजींनी हळूहळू मान हलवली. त्या काहीशा गप्प झाल्या, चेहरा पडल्यासारखा वाटला. मला वाटलं, भारावल्या. माझा घाम जरा सुकला. आता चहा, मग निरोप, आणि पोरगी सुटली.

“जनार्दन, ते काढ,” आजी म्हणाल्या.

काकांनी दाराजवळ ठेवलेलं गोणपाट उचलून आणलं आणि उलगडलं. आत जिताडा मासा होता. हातभर लांब, चकचकीत, डोळे स्वच्छ. आमच्या भागात जिताडा म्हणजे मान असतो, तो कोणालाही नेऊन देत नाहीत. मी भारावून हात जोडले.

“आमच्या खाडीतला हाय,” आजी म्हणाल्या. “तुमी सातव्या भागात कसा कापला व्हता, तसा कापा. मना माज्या डोल्यानी बगायचा हाय.”

मी सुनंदाच्या हातांकडे पाहिलं. तिनेही पाहिलं. केतकी पांढरी पडली होती. (आम्ही मासे खातो, पण एरवी ते बाजारातून तुकड्या होऊनच येतात. माशाला शेपटी असते हे मला ऐकून माहीत आहे.)

“मी मदत करते हं,” सुनंदा उठली.

“तुमी बसा,” आजी म्हणाल्या. “त्या भागात तुमी नव्हत्या.”

मी जिताडा दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात गेलो. चालण्यात घाई नाही, चेहऱ्यावर भीती नाही. ओट्यावर ठेवला. ठेवला असं मला वाटलं. माशाचं मत वेगळं होतं. तो ओट्यावरून घसरला, नुकत्याच पुसलेल्या लादीवर पडला आणि त्याच वेगात दारातून हॉलमध्ये गेला. मी मागोमाग. तो आजींच्या पायाशी थांबला, मी कोचाच्या पायाशी.

“ताजा आहे,” मी उठत गंभीरपणे म्हणालो. काका रुमालात तोंड घालून हलत होते.

परत येऊन मासा सिंकमध्ये ठेवला. आता विळी. आमची मोठी विळी ड्राय बाल्कनीत कपाटाखाली असते. दार उघडायचं नाही हा नियम मला आठवला होता, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो. पण विळीशिवाय मासा कापणारा भाऊसाहेब पहिल्या सीझनमध्येसुद्धा नव्हता. मी बाल्कनीत गेलो, वाकलो, विळी घेतली, आणि मागे दार लागलं. त्या दाराची कडी स्वयंपाकघराच्या बाजूने आहे आणि ती आपोआप पडते. सव्विसावा भाग सुचला कुठून, तर तिथून.

मी जाळीच्या खिडकीतून आत पाहिलं. स्वयंपाकघर रिकामं. हॉलमधून आजींचा आवाज येत होता, म्हणजे सुनंदा तिथेच अडकलेली. ओरडलं तर पोरीचं लग्न मोडणार, नाही ओरडलं तर मासा सिंकमध्ये आणि मी कपड्यांमध्ये. मी हळू आवाजात म्हटलं, “सुनंदा.” मग जरा मोठ्याने. डोक्यावर तिचा ओला परकर आला होता, तो बाजूला करून तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा जनार्दनकाका पाणी प्यायला आत आले.

त्यांनी मला पाहिलं. मी ओठांवर बोट ठेवलं, हात जोडले, दोन्ही. त्या माणसाच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद पसरला की मला काय होणार ते कळलं.

“आई, हितं ये लवकर,” त्यांनी हाक दिली. “सव्विसावा भाग चालू हाय.”

सगळे आले. जाळीच्या त्या बाजूला आजी, सुनंदा, केतकी, रुपेश, काका. या बाजूला मी, एका हातात विळी, खांद्यावर शाल, शालीवर परकर. आजी माझ्याकडे बघत राहिल्या. मी चार सेकंद थांबलो.

“आधी पाणी प्या,” मी म्हणालो.

कोणी पाणी प्यायलं नाही. केतकी मान खाली घालून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडत होतं. ते पाहिलं आणि माझ्यातला भाऊसाहेब संपला.

“आजी,” मी म्हटलं, “मी तो माणूस नाही. पहिले बारा भाग हिने लिहिलेलं मी पाठ करून बोललो. सातव्या भागातले हात हिचे होते. मला मासा धरता येत नाही. मी पालीला घाबरतो. बरणी ही उघडते. मी या बाल्कनीत आजवर चारदा अडकलोय, मालिकेत त्यातलं एकदाच दाखवलं. पण पोरीचा यात काही दोष नाही. ती फार चांगली आहे. माझ्यावरून तिला नाही म्हणू नका.”

आजी जाळीच्या अगदी जवळ आल्या.

“मंग हे आदी का नाय सांगितला?” त्या म्हणाल्या. “बारा भाग तीनदा बगितले मी. तीनदा छातीत धडधड. ह्यो मानूस येकदा बी चुकत नाय. कोनी रडला तरी पानी प्या, कोनी भांडला तरी पानी प्या. म्हटला, याची पोर आमच्या घरात कशी राहील? आमच्याकं सगली चुकतान. ह्या जनार्दनानं गेल्या वर्सी डंपर खाडीत घातला.”

“आई,” जनार्दनकाका म्हणाले.

“घातला ना? म्हनून म्हटला, येकदा बगून येते. आनि हितं आले तर सुनांचा भांडनसुदा येका वाक्यात मिटवला. माजा जीवच गेला. जिताडा काढला तो शेवटचा. म्हटला, कुटं तरी चुकतो का बगू.” त्या केतकीकडे वळल्या. तिचा हात हातात घेतला. “बाय, रडतेस कशाला? असा बाप सांबाललास, तर आमाला सांबालशील. माजी काय हरकत नाय.”

केतकी अजूनच रडायला लागली. रुपेश भिंतीला टेकून खाली बसला. सुनंदाने डोळ्यांना पदर लावला. आम्ही इतके दिवस जीव मुठीत धरून जे लपवत होतो, तेच त्या बाईंना बघायचं होतं. मलाही रडू आलं, आणि परकर जवळच होता.

या सगळ्या गडबडीत कडी काढायचं कोणालाच सुचलं नाही. ती नुसती वर करायची असते. आणखी दहा मिनिटांनी आजींना मासा कापायला विळी हवी झाली, तेव्हा विळीसाठी दार उघडलं आणि विळीबरोबर मीही बाहेर आलो. आजींनी फतकल मारून पाच मिनिटांत जिताड्याच्या तुकड्या केल्या. मी हळद-मीठ लावायला पुढे झालो, त्यांनी माझा हात बाजूला केला.

“येकच सांगते,” त्या सुनंदाला म्हणाल्या. “लग्नात ह्यांच्या हातात काय देऊ नका.”

ते गेल्यावर मी शाल घडी करत म्हटलं, “काही म्हण, शेवटी माझ्या अभिनयानेच काम झालं.”

“कुठला अभिनय?” सुनंदा म्हणाली. “अभिनय पहिल्या बारा भागांत केलात. तेराव्यापासून मी लिहिणंच सोडलंय. केतकी नुसता फोन चालू ठेवते.”

लग्न पनवेलच्याच एका हॉलमध्ये झालं. आजींचा शब्द दोन्ही घरांनी पाळला. मला कुणी अक्षता वाटू दिल्या नाहीत की पाहुण्यांना पाणी देऊ दिलं नाही. काम एकच, एका जागी शांत बसून राहायचं. ते मी चोख करायचं ठरवलं. स्टेजवर मखमलीची एक मोठी खुर्ची रिकामी दिसली. तिच्यात पाठ ताठ ठेवून, मोजकं बोलत मी तासभर बसलो. लोक येऊन नमस्कार करत होते, फोटोवाला फोटो काढत होता, आणि मला वाटलं, पहिला सीझन परत आला. मग गळ्यात हार, डोक्याला फेटा असा रुपेश समोर येऊन उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला. शेवटी खाली वाकून माझ्या कानात अगदी आदराने म्हणाला, “बाबा, ही नवरदेवाची खुर्ची आहे.”